कोल्हापुरी स्वयंपाकघरातलं मशरूम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीत मी घरीच स्वयंपाकाचे वर्ग घेते. मशरूमचा दिवस झाला की त्या रात्री फोन वाजतच राहतो. कुणाचा रस्सा पांचट झाला, कुणाचं मशरूम काळं पडलं, कुणाच्या सासूबाईंनी ताटाला हातच लावला नाही. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. काहींना एका ओळीच्या वर उत्तर नाही, आणि एक-दोन उत्तरं मात्र पाल्हाळाची आहेत, कारण सगळी भानगड तिथंच होते.

अळंबी, भूछत्र आणि मशरूम एकच का?

एकच. शेतीच्या पुस्तकात अळिंबी, गावाकडं अळंबी किंवा भूछत्र, आणि मंडईत सगळ्यांच्या तोंडी मशरूम. उकिरड्यावर उगवणाऱ्याला आपण कुत्र्याची छत्री म्हणतो आणि ती खात नाही. मी पुढं मशरूमच म्हणते, कारण भाजीवाल्या मावशींकडं ‘अळंबी द्या’ म्हटलं की त्या दोनदा विचारतात.

हे शाकाहारी आहे का? श्रावणात चालतं का?

मशरूम वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही. बुरशीचं ते फळ. शास्त्रज्ञांच्या वंशावळीत बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे, पण हे श्रावणात घरच्यांना सांगायच्या भानगडीत पडू नका. बहुतेक घरांत ते शाकाहारीच धरतात. मात्र आपल्याकडं जैन घरं बरीच आहेत आणि त्यांतली पुष्कळ मंडळी मशरूम खात नाहीत. माळकऱ्यांच्या घरीही काही ठिकाणी वर्ज्य असतं. पाहुणे येणार असतील तर आधी विचारावं. वाढून झाल्यावर सांगणं वाईट.

कोल्हापुरात कोणकोणती मिळतात आणि त्यांच्यात फरक काय?

कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीत पाकिटातलं पांढरं बटण मशरूम मिळतं. बाकीची मोठ्या दुकानांच्या फ्रीजमध्ये किंवा ऑनलाइन शोधावी लागतात. सुकी असतील तर पाकिटातून सहज येतात.

बटण सगळ्यांना माहीत आहे. तपकिरी क्रिमिनी आणि ताटलीएवढं पोर्टोबेलो ही वेगळी जात नव्हे, त्याच बटणाची भावंडं. क्रिमिनी म्हणजे तपकिरी वाण, आणि तोच पूर्ण उमलू दिला की पोर्टोबेलो. एकाच जातीचे तीन भाव आपण देतो, एवढं लक्षात ठेवा.

धिंगरी म्हणजे ऑयस्टर. शिंपल्यासारखी पसरट, राखाडी किंवा पांढरी, देठ एका बाजूला. गुलाबी धिंगरीही मिळते. ती दिसायला इतकी देखणी की तव्यावर टाकावीशी वाटत नाही, आणि टाकली की रंग उडून जातो. एक-दोन दिवसांच्या वर ती टिकतही नाही. रंगासाठी घेत असाल तर पैसे वाया.

दुधी मशरूम मात्र आपलं हक्काचं. पांढरंशुभ्र, जाड देठाचं, घट्ट. मूळचं भारतातलंच, आणि 1998 साली कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठानं त्याचं लागवडीचं वाण आणलं. बटणाला थंडी लागते, हे तीस-पस्तीस अंशांतही येतं. उकळत्या तांबड्या रश्शात यासारखं दुसरं नाही.

किंग ऑयस्टर, शिताके, एनोकी, लायन्स मेन आणि गुच्छी यांच्याबद्दल पुढं येतंच.

भाजीला पाणी सुटतं, रस्सा पांचट होतो. काय चुकतं?

दहापैकी आठ फोन याचेच.

मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पाव किलो मशरूम घेतलं म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम पाणी विकत घेतलं. आपण करतो काय? तेलात कांदा परततो, वाटण घालतो, चटणी घालतो, छान तेल सुटलं की वरून कच्चं मशरूम. मग ते सगळं पाणी थेट वाटणात उतरतं. मसाला तेलात खमंग व्हायचा तो पाण्यात उकडतो. मटणाची सवय असलेल्या हाताला हे लवकर कळत नाही, कारण मटण मसाल्यातच शिजवायचं असतं.

मशरूम दोनदा शिजवायचं. पहिल्यांदा एकटं, दुसऱ्यांदा मसाल्यात.

बिडाचा तवा किंवा पसरट कढई चांगली तापवा. त्यात मशरूम आणि दोन-तीन चमचे पाणी. हो, पाणीच, तेल नाही. मशरूम आतून स्पंजासारखं पोकळ असतं, आधी तेल घातलं तर ते सगळं पिऊन टाकतं आणि तुम्ही आणखी ओतत राहता. पाण्याच्या वाफेनं ते आधी बसतं, आकार निम्मा होतो, स्वतःचं पाणी सोडतं. मोठ्या आचेवर ते पाणी आटू द्या. तव्यावर चुरचुर आवाज यायला लागला की समजायचं पाणी संपलं. आता एक चमचा तेल, मीठ, आणि कडा तांबूस होईपर्यंत हलवायचं नाही. मग उतरवून बाजूला ठेवा.

वाटण वेगळं परता, तेल सुटू द्या, त्यात हे भाजलेलं मशरूम आणि वर आधण. एवढंच. सगळा खेळ बारा ते पंधरा मिनिटांचा आहे.

दोन गोष्टी सांभाळा. तव्यावर गर्दी करू नका. अर्धा किलो असेल तर दोन घाण्यांत करा. आणि झाकण ठेवू नका. झाकण ठेवायची आपली खोड जुनी आहे, पण वाफ कोंडली की ते भाजत नाही, उकडतं.

जास्त शिजलं तर गिचका होईल ना?

नाही. भाजीपाल्याच्या पेशींची भिंत शिजताना विरघळते, म्हणून भोपळ्याचा लगदा होतो. मशरूमची भिंत कायटिनची, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं त्या जातीच्या पदार्थाची. ती उष्णतेला दाद देत नाही. पाच मिनिटं शिजवा नाहीतर चाळीस, चावायला जवळपास तसंच राहतं. गिचका लागतं ते पाण्यात बुडून राहिल्यामुळं.

धुवायचं की नुसतं पुसायचं?

धुवा. नळाखाली धरून पटकन, चिरायच्या आधी. पाणी पितं म्हणतात, पण अर्ध्या मिनिटात पितं ते नगण्य. भिजत मात्र घालू नका. धिंगरीला चुण्या असतात, तिला नुसतं झटकून ओल्या फडक्यानं पुसलं तरी पुरतं.

कांदा-लसूण चटणी किती घालायची?

इथं माझं आणि वर्गातल्या निम्म्या जणींचं जमत नाही. आपल्याकडं चटणी म्हणजे पळीनं घालायची वस्तू. बटण आणि दुधी मशरूम ती पेलतात. त्यांना स्वतःची चव बेताची, वाटणाची चव ती उचलतात. तिथं हात आखडू नका.

धिंगरीला निम्मी. तिला हलकासा मातकट गोडवा असतो. मी ती चिरत नाही, हातानं उभी फाडते, तव्यावर कडक करते आणि कांदा, हिरवी मिरची, बेसन घालून कोरडा झुणका करते. ज्वारीची भाकरी आणि ठेचा. या झुणक्यात चटणी अर्धा चमचा, त्याच्या वर नाही.

शिताकेला पाव. त्याचा स्वतःचा वास एवढा घट्ट की चटणीशी भांडण होतं आणि दोघंही हरतात. गुच्छी आणि लायन्स मेनला चटणी अजिबात नको. महागामोलाचं मशरूम आणून त्यावर कोल्हापुरी चटणी ओतणं म्हणजे पैठणी नेसून धुळवड खेळणं. रागावू नका, मीही जन्मापासून तिखटच खाते.

मशरूमचा पांढरा रस्सा खरंच जमतो का?

जमतो, पण पहिल्यांदा माझा तपकिरी झाला होता.

पांढऱ्या रश्शाचा जीव असतो मटणाच्या अळणीत, म्हणजे मसाल्याआधी मटण शिजवलेल्या पाण्यात. नारळाचं दूध आणि काजू हे त्याचे कपडे. नुसतं मशरूम टाकून पांढरा रस्सा केला की तो गोडसर खिरीकडं झुकतो, कारण खाली अळणीच नसते. ती जागा सुकं शिताके भरून काढतं. सुकवताना आणि भिजवताना त्यात ग्वानिलेट नावाचं द्रव्य वाढतं. मशरूममध्ये मुळातच असलेल्या ग्लुटामेटला त्याची जोड मिळाली की मांसाच्या रश्शासारखी जिभेवर रेंगाळणारी चव येते. जपानी लोक आपला रस्सा याच्यावरच उभा करतात. ताज्या शिताकेला ही ताकद नसते. म्हणून रश्शाला सुकंच.

अडचण रंगाची. शिताकेचं पाणी चहासारखं होतं. आठ-दहा घातलीत तर पांढरा रस्सा विसरा. आता मी असं करते.

चार जणांसाठी तीन सुकी शिताके लिटरभर थंड पाण्यात रात्रभर. गरम पाण्यात घाई केली तर चव कमी उतरते. सकाळी शिताके काढून घ्या आणि वरचं पाणी तेवढं अलगद गाळून घ्या, तळाला माती बसलेली असते. त्या पाण्यात दुधी मशरूमचे किंवा धिंगरीचे देठ, आल्याचा तुकडा, चार लसूण पाकळ्या आणि मीठ घालून मंद आचेवर अर्धा तास. हे झालं अळणी. रंग फिका बदामी येतो.

वाटणाला दहा-बारा काजू, एक चमचा तीळ, एक चमचा खसखस, दोन हिरव्या मिरच्या. काजू-खसखस भिजवून, तीळ न भाजता. भाजले की रंग गेला. तुपात दालचिनी, चार लवंगा, दोन वेलदोडे, तमालपत्र, सात-आठ पांढरे मिरे. वाटण त्यात मंद परतायचं, लाल होऊ द्यायचं नाही. गाळलेलं अळणी ओता, उकळी येऊ द्या. मग आच बारीक करून अर्ध्या नारळाचं घट्ट दूध. यानंतर खळखळून उकळलंत तर ते फुटेल.

मिळतो तो दुधाळ, किंचित सायीच्या रंगाचा रस्सा. शुभ्र नाही. शुभ्रच हवा असेल तर शिताके वगळा आणि चवीत थोडं कमी पडू द्या. बाजूला काढलेली शिताके फेकायची नाहीत. देठ चिवट असतात ते कापून टाका, टोप्या बारीक चिरून तांबड्या रश्शात घाला.

बरोबर आजऱ्याचा घनसाळ भात असेल तर उत्तम. त्याच्या वासाला हा रस्सा धक्का लावत नाही.

मटणाच्या सुक्क्यासारखं काही होतं का? आमचे हे मशरूम बघूनच तोंड फिरवतात, वहिनी.

किंग ऑयस्टर आणा. याचा सगळा ऐवज देठात असतो, चांगला मुठीएवढा जाड, टोपी नावाला. देठाच्या बोटभर जाडीच्या चकत्या करा, दोन्ही बाजूंना सुरीनं जाळीसारख्या उथळ रेघा मारा. मसाला त्या रेघांत बसतो. वर सांगितलं तसं आधी पाण्यानं, मग तेलावर तांबूस. नंतर भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, धणे, तीळ, दगडी फूल यांचं वाटण आणि चटणी. पाणी न घालता अंगाला लागेपर्यंत परता.

पण त्यांना ‘मटणासारखं लागतं बघा’ असं सांगून वाढू नका. कोल्हापुरातल्या माणसाला मटण कशासारखं लागतं हे पक्कं ठाऊक असतं. पहिल्या घासाला तो फरकच शोधेल. न सांगता वाढा.

शिताके खाल्ल्यावर अंगावर चाबकाचे फटके मारल्यासारखे वळ उठले. ॲलर्जी का?

कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाल्लं असणार. शिताकेत लेंटिनन नावाची शर्करा असते, त्यानं काही जणांना दोन-तीन दिवसांत असे लांब खाजरे वळ येतात. नीट शिजवलं की सहसा होत नाही. वळ आलेच असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि काय खाल्लं ते सांगा, नाहीतर त्यांना पत्ता लागणं अवघड.

एनोकी सॅलडमध्ये कच्चं घातलेलं बघितलंय. चालतं?

नको. या शेवयांसारख्या पांढऱ्या जुड्या थंडीत, अंधारात वाढवतात, म्हणून तशा लांब आणि फिकट होतात. 2020 साली अमेरिकेत याच एनोकीतून लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ आली होती, त्यात माणसं दगावली. लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदर बाईला तर फारच घातक. बुडखा कापून टाका, जुडी सुटी करा, उकळत्या रश्शात घाला आणि पाच मिनिटं तरी उकळू द्या. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध घालायच्या आधी.

तसं कुठलंच मशरूम कच्चं खाऊ नये असं माझं मत आहे. पचतही नाही आणि चवही नाही.

गुच्छी एवढी महाग का, आणि करायची कशी?

हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडच्या जंगलांत वसंतात आपसूक उगवते, माणसं डोंगर पालथे घालून वेचतात. किलोचा भाव हजारोंच्या घरात. सुदैवानं पुलावाला दहा-बारा पुरतात.

मधमाशांच्या पोळ्यासारख्या तिच्या खळग्यांत रेती असते. कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, उभी चिरा, आत-बाहेर धुवा. भिजवलेलं पाणी फडक्यातून गाळून भाताला वापरा. तूप, थोडा कांदा, मिरे, मीठ. बस्स. ती कच्ची किंवा अर्धी कच्ची विषारी असते, हे मात्र गमतीवारी नेऊ नका. 2023 साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका हॉटेलात कच्च्या-अर्धकच्च्या गुच्छीनं पन्नासएक माणसं आजारी पडली आणि दोघं गेली.

लायन्स मेननं स्मरणशक्ती वाढते म्हणे?

पुरावा तोकडा आहे. गोळ्या-पावडरीवर पैसे घालण्यापेक्षा भाजी करून खा. पांढऱ्या लोकरीच्या गुंड्यासारखं दिसतं, हातानं सोडवलं की खेकड्याच्या मांसासारखे धागे निघतात. दाबून पाणी काढा, लोण्यावर लसूण घालून तांबूस करा, वर लिंबू. मुलांच्या परीक्षेसाठी म्हणून आणणार असाल तर अभ्यास तरीही करावा लागेल.

पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरीकडं रस्त्याकडेला अळंबी विकायला असते. घ्यावी का?

वारुळावर येणारी अळंबी ही आपल्या सह्याद्रीची खरी मेजवानी. वाळवी वारुळाच्या आत बुरशीची शेती करते आणि पावसात त्या बुरशीला छत्र्या फुटतात. वाळवीशिवाय ती येत नाही, म्हणून तिची लागवड कुणाला जमलेली नाही. चव अशी की बाजारातली बाकीची सगळी तिच्यापुढं फिकी. नुसत्या हळद-मिठावर आणि ओल्या खोबऱ्यावर करतात, आणि ते बरोबरच आहे.

घ्यायची ती पिढ्यान्‌पिढ्या वेचणाऱ्या, ओळखीच्या माणसाकडूनच. स्वतः वेचायला जाऊ नका. फोटो बघून ओळखणारी मोबाइलमधली ॲप्स यासाठी वापरू नका. आणि लोक ज्या खुणा सांगतात त्या सगळ्या खोट्या आहेत: लसूण काळा पडला तर विषारी, चांदीचा रुपया काळवंडला तर विषारी, किड्यानं खाल्लेली असेल तर चांगली, भरपूर शिजवली की विष मरतं. जगातल्या सर्वांत घातक मशरूममधलं अमाटॉक्सिन शिजवून जात नाही, आणि त्याची चव वाईट लागत नाही.

त्याचा खरा कावा पुढं असतो. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि आत यकृत निकामी होत असतं. म्हणून रानातलं मशरूम खाऊन काही तासांनी उलट्या सुरू झाल्या तर ‘बघू सकाळी’ म्हणू नका. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. उरलेला तुकडा, कच्चा असो की शिजलेला, बरोबर न्या.

मटणाइतकं प्रोटीन असतं हे खरं का?

नाही. शंभर ग्रॅम कच्च्या मशरूममध्ये तीन ग्रॅमच्या आसपास. डाळ करा.

मात्र एक गंमत करता येते. मशरूमला ऊन दाखवलं तर त्यात ड जीवनसत्त्व तयार होतं, आपल्या कातडीत होतं तसंच. चिरून किंवा चुण्या वर करून दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवा, वर जाळी. पापडाशेजारी जागा असतेच.

फ्रीजमध्ये काळं पडतं, चिकट होतं.

प्लास्टिकचं पाकीट काढून कागदी पिशवीत ठेवा. मशरूम तोडल्यावरही श्वास घेतं, पाणी सोडतं, ते कोंडलं की सडतं. बटण चार-पाच दिवस, धिंगरी दोन-तीन, दुधी आठवडाभरही राहतं. नुसतं तपकिरी झालं असेल तर आजच वापरा. बुळबुळीत झालं किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या, धुऊन वाचवायच्या फंदात पडू नका. जास्तीचं असेल तर तव्यावर पाणी आटवून मग डीप फ्रीजमध्ये टाका. कच्चं गोठवलं तर सुटताना पाणी पाणी होतं.

घरी वाढवता येईल का?

धिंगरी येईल. आपल्याकडं उसाचं पाचट आणि चिपाडं फुकटात मिळतात, त्यावर ती छान येते. गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढाही चालतो. बारीक तुकडे करून, भिजवून, गरम पाण्यातून काढून निथळायचे आणि थरावर थर देऊन बियाणं पिशवीत भरायचं. अंधाऱ्या ओलसर खोलीत तीन-चार आठवड्यांत पहिला तोडा, त्यानंतर आणखी दोन. उन्हाळ्यात दुधी लावा. खोलीत जाताना नाकाला फडकं बांधा. धिंगरीचे बीजाणू हवेत भरपूर उडतात आणि रोज हुंगले तर खोकला लागतो. माझ्या धाकट्या जावेनं हे ऐकलं नाही आणि महिनाभर काढे पीत बसली.

ताई, उरलेलं मशरूमचं कालवण दुसऱ्या दिवशी गरम करू नये म्हणतात?

फ्रीज नव्हते तेव्हाचं हे बोलणं. शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी खळखळून उकळा आणि खुशाल खा. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलं असेल तर नको. तांबडा रस्सा उरला असेल तर आमच्याकडं त्यात सकाळी मटकीची उसळ, वर फरसाण, कच्चा कांदा, लिंबू, आणि बरोबर पाव. पांढरा उरत नाही.